क्रेन्सच्या पहिल्या बेसजवळचा चिखल

मी, डेलमार हाव्हलिक, वय ब्याऐंशी, राहणार वेस्टर्मन, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर आहे; गुडघे नाहीत. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. केली असती तर बरं झालं असतं, हे कधीच लिहून मोकळा झालो असतो. बँकेतल्या बाईंनी मागे टाईप करून दिलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात घर होतं, गाडी होती, सगळं होतं. रेमंड ओस्टरगार्ड नव्हता. माझं पाप सत्तावीस वर्षं या माणसाच्या माथी आहे. ते माझ्यामागे तरी उतरावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी जॉनेल हिला. फार आशा ठेवू नये. वरची मागची खोली तिने खुशाल रंगवून घ्यावी. तिथे दोन उन्हाळे अनीबाल राहिला, आमच्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून चेंडू अडवणारा. संघाकडे खेळाडूंना ठेवायला जागा नव्हती, म्हणून गावातल्या घरांनी ते वाटून घेतले होते. माझ्या बायकोच्या, व्लास्टाच्या, कोलाचेवर, म्हणजे फळांचा मुरंबा भरलेल्या गोड पावांवर, तो तिखट सॉस ओतायचा. मी डोळे वटारले की ती म्हणायची, "खाऊ दे हो, लेकरू आईपासून लांब आहे." कोलाचे भाजायचे तिचे तिन्ही ट्रे त्याला पाठवावेत. नाताळला त्याचं कार्ड अजून येतं.

कलम २. शेल्डन प्रुइट यांना काहीही नाही. वेस्टर्मन क्रेन्स हा आमचा संघ यांनी १९९५ साली काढला. कुठल्याही मोठ्या संघाच्या छत्राखाली नसलेला, आपल्या पायावर उभा राहणारा. मोठ्यांनी नारळ दिलेली पोरं, एक जुनी बस, आणि मैदानाची निगा राखायला मी. "पाच वर्षं तरी हलत नाही," असं या गृहस्थांनी चर्चच्या तळघरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दुसरा हंगाम संपला आणि हे ओमाहाला पसार झाले, धावफलकाचे दिवेसुद्धा काढून नेले. माझ्या अंत्यविधीला आलेच तर मागच्या बाकावर बसवावं आणि कॉफी गार द्यावी.

कलम ३. दाताळं, चुन्याची गाडी आणि माती सारखी करायची जाळी शाळेच्या मैदानाला द्यावी. दाताळं उन्हात टाकू नये, दांडा तडकतो. पाण्याची लांब नळी मात्र कोणालाही देऊ नये. कचऱ्यात टाकावी.

कलम ४. ऑगस्ट १९९६, शेवटचा रविवार. तो सामना जिंकला असता तर आम्ही बाद फेरीत जात होतो. घरच्या मैदानावर आणखी दोन सामने झाले असते, आणि तसं झालं तर तिसरा हंगाम होईल, असं शेल्डन बोलून चुकले होते. समोरच्या संघात एक वाऱ्यासारखा पळणारा होता. आदल्या दिवशी त्याने तीन बेस चोरले, म्हणजे चेंडू टाकला जाताच पळून पुढचा बेस गाठला, आणि जाता जाता मला म्हणाला, "काय काका, मैदान आहे की डांबरी रस्ता? पाय आपोआप पळतात!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पळणारे जड व्हावेत म्हणून पहिल्या बेसजवळ थोडं पाणी मारायचं, हे प्रत्येक मैदानवाला करतो आणि कोणी बोलत नाही. थोडं. मी दुपारी मैदानावर चिटपाखरू नसताना नळी सोडली आणि चाळीस मिनिटं बंद केली नाही. वरून कोरडी माती पसरून ठेवली. चार वाजता रेमंड, म्हणजे आमचा रे, आला; संघाचा मॅनेजर. म्हणाला, "डेल, पहिल्या बेसपाशी जरा शिंपड रे. दोन बादल्या, जास्त नको." मी "बरं" म्हटलं, आणि त्याला संशय येऊ नये म्हणून त्या दोन बादल्याही ओतल्या.

सहाला पाऊस आला. पाव तास, बस्स. बाकी मैदान अर्ध्या तासात खेळण्याजोगं झालं. पहिल्या बेसपाशी अंपायर गेला, त्याचा बूट रुतला आणि नुसता पाय वर आला. लोक हसले, तो हसला नाही. यजमानांनीच मैदान बिघडवलं, असं म्हणून त्याने सामना पाहुण्यांना देऊन टाकला. अशा वेळी नियमाने लागतो तो निकाल: नऊ-शून्य. तेव्हा रे पुढे झाला. "पाणी मारायला मी सांगितलं. डेलला बोलू नका, तो हुकमाचा ताबेदार." मी दाताळं धरून उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही.

संघ गेला आणि गावाने रेला धरलं. कोणीतरी त्याच्या दारात बादली आणून ठेवली. कॅफेत बाकी सगळ्यांचे कप पुन्हा भरायचे, त्याच्या कपात दुसऱ्यांदा कॉफी पडेना. ऑक्टोबरात तो आणि त्याची बायको मार्जोरी गाव सोडून कर्नीला गेले. पुन्हा कुठल्या संघाने त्याला बोलावलं नाही. पेट्रोल पंप चालवत म्हातारा झाला. दर नाताळला त्याचा फोन यायचा. "डेल, माझ्या दोन बादल्यांनी गाव बुडवलं रे." आणि मी दर नाताळला म्हणायचो, "जाऊ दे रे, जुनं झालं." मला माझीच शिसारी येते. गाव त्याच्या बादल्यांनी बुडालं नाही. माझ्या नळीने बुडालं.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला, जेवणं सुरू होण्याआधी, कलम ४ मोठ्याने वाचून दाखवावं.

पुरवणी. वरचा मजकूर सोमवारी लिहिला. मंगळवारी साक्षीदार म्हणून रेला बोलावून घेतलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोनदा वाचला.

"चाळीस मिनिटं?"

"चाळीस."

"आणि वर माझ्या बादल्या."

"हो."

त्याने चष्मा काढून कागदावर ठेवला. मग म्हणाला, "मार्जोरी हेच मनात घेऊन गेली रे. शेवटपर्यंत म्हणायची, तुला कोणी सांगितलं होतं पाणी मारायला?" मी माफी मागायला गेलो, तर हात वर केला. "मेल्यावर वाचून दाखवणार? वा! म्हणजे शिव्या खायला तू जागेवर नाहीस. शहाणाच आहेस."

"मग काय करू, रे?"

"शनिवारी सकाळी कॅफेत ये. सगळे असतात. उभा राहा आणि आपल्या तोंडाने सांग. सहीचं मग बघू."

तेव्हा कलम ५ रद्द. मी शनिवारी जात आहे.

ठिकाण: कॅफे, वेस्टर्मन
दिनांक: शनिवार, १६ सप्टेंबर २०२३
सही: डेलमार हाव्हलिक

साक्षीदार पहिली: आयोना स्ट्राका, कॅफेची मालकीण. डेलमारने माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीवर होता.

साक्षीदार दुसरा: तो उभा राहिला आणि काही न लपवता बोलला. मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. माफ केलं असं मी इथे लिहिणार नाही. खरं बोलला, एवढ्यापुरती ही सही. रेमंड ओस्टरगार्ड.