फळीवरची पुस्तकं मयूरीला देऊ नयेत

मला कोणी वेळेवर विचारलं असतं, तर मी काय झाले असते? ते आता राहू दे. बाकीचं मात्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते.

मी, रूथ योहान गावित, वय सव्वीस, तालुका नवापूर. घरातली पहिली पदवीधर. सिकलसेल या रक्ताच्या आजाराने शरीर थकलं आहे. डॉक्टरांनी काही लपवलेलं नाही.

१. माझी स्कूटी बाबांना. विकू नये, चालवायला शिकावी. पोल्ट्रीवर कामाला पायी जाणं आता पुरे.

२. बँकेतली शिल्लक आणि कोंबड्या आई रमीबाई हिला. माझ्यामागच्या जेवणासाठी त्या कापू नयेत.

३. माझी कला शाखेची पुस्तकं धाकटी बहीण मयूरी हिला देऊ नयेत. ती यंदा दहावीला आहे, म्हणून कारण लिहिते. आमच्याकडे पुस्तकं घरोघर फिरतात आणि ज्या घरी येतात तिथल्या मुलाची शाखा ठरते. मला रक्त तपासायचं काम शिकायचं होतं. चुलतभाऊ स्टीफनदादा आपली कलेची पुस्तकं घेऊन आला, म्हणाला, “पुस्तकं घरात पडलीत, वाया घालवायची का?” त्याच्यावर राग होता, आता नाही. त्यालाही ती कोणीतरी दिलीच होती.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रंजनाताईंनी माझं रक्त घेताना विचारलं, “तुला काय व्हायचं होतं?” मी सांगितलं. “त्याला बारावीला विज्ञान लागतं,” त्या म्हणाल्या. हे मला तेव्हा कळलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून माझ्याच विळ्यासारख्या पेशी दाखवल्या. पुढे त्यांच्याच ओळखीने गावोगाव या आजाराची माहिती सांगायचं काम मिळालं. तीन वर्षं मी माणसांच्या उपयोगी पडले, ती त्यांच्यामुळे.

४. मयूरीला विजेचं काम शिकायचं आहे. आई हसली, “पोरगी खांबावर चढणार?” रंजनाताई म्हणाल्या, “मला त्यातलं काही कळत नाही. ज्यांना कळतं त्यांच्याकडे नेते.” त्यांनी तिला आयटीआयच्या मॅडमकडे नेलं. माझ्यामागेही मयूरीने या दोघींनाच विचारावं, आणि घरच्यांनी मध्ये बोलू नये.

५. माझ्यानंतर कोणी मायेपोटी कलम तीन मोडेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून परवा मी सगळी पुस्तकं वाचनालयात देऊन आले. फळी पुसून ठेवली आहे.

सही: रूथ योहान गावित

साक्षीदार: रंजना दोधू पाटील, स्टीफन गुलाबसिंग गावित

नवापूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५