निलगिरीखालचा एकर

ॲडलेड, मार्च १८३९

प्रिय टॅम्सिन,

तुझं पत्र पोचलं. इथे लोक जमिनीत रातोरात श्रीमंत होतात, असं तू लिहिलंस. होतात, पण कागदावर. नांगर गंजलेत आणि गहू जहाजाने येतो, कारण पेरायला कुणाला सवड नाही. सगळे दारूच्या गुत्त्यासमोर उभे राहून एकमेकांना चिखल विकतात. सकाळी शिंप्याचा असलेला कोपरा संध्याकाळी लंडनच्या कुणा साहेबाचा होतो. नदीपलीकडे ज्या इथल्या मूळ माणसांच्या शेकोट्या दिसतात त्यांचीच ही सगळी जमीन, पण सरकारने ती वाटायला चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आमच्या चिठ्ठीला एकर निघाला तेव्हा जेबेझ त्यावर आडवा पडून हसत सुटला होता. कॉर्नवॉलमध्ये आपली माणसं मेल्यावरही दुसऱ्याच्याच जमिनीत गेली ना! म्हणून आमची हॅना तापाने गेली तेव्हा पाद्रीबाबांनी दाखवलेली जागा त्याने नाकारली. म्हणाला, "माझी पोर परक्याच्या जागेत का झोपेल? आपला एकर आहे की." मोठ्या निलगिरीखाली त्याने स्वतः खड्डा खणला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

चार महिन्यांत दुप्पट भाव आला आणि त्याने एकर विकला. "तोंड पाडू नकोस, केझाया. भाव उतरला की परत घेतो." भाव उतरलाच नाही. हॅनाच्या थडग्यावरचा लाकडी क्रूस कुणीतरी चुलीत घातला. पण एकर हातोहात फिरत राहिला, कुणी भिंतसुद्धा घातली नाही, म्हणून मी रोज तिथे जाऊन बसू शकले. लोकांच्या हावेनेच माझी पोर राखली.

आता तो एकर तुझ्या अँब्रोजनी घेतलाय. तू हौसेने पाठवलेल्या नव्या घराच्या नकाशात तळघर बरोबर त्या झाडाखाली आखलंय. मजूर लावायचं काम जेबेझकडे आहे, आणि त्याने ते घेतलं. नुसतं म्हणाला, "कुणीतरी खणणारच." काल कुदळी आल्या. मी झाडाखाली जाऊन बसले आणि मजुरांना सांगितलं, मालकीण माझी सख्खी बहीण आहे, तिचं पत्र आलंय, ही जागा सोडायची. असं पत्र आलेलं नाही. तुझं उत्तर यायला आठ महिने लागतील, तोवर मी इथून हलत नाही. टॅम्सिन, ते पत्र लिही.

तुझीच,
केझाया