वैशूच्या कोंबड्या

मंगळवार, दिवेलागण

सुटलो एकदाचा. कॉम्प्युटरवरचा गेम उघडला की लगेच बंद पडत होता. माझ्या लेकीने, वैशूने, आणि मी त्यात बांधलेलं घर, तो ओटा, सगळं गेलं की काय? ती सासरी नाशिकला, रोज संध्याकाळी आम्ही भेटतो ते त्याच ओट्यावर. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार." मला तेच खात होतं.

आज तिने सांगितलेल्या साइटवर गेम बंद पडल्यावर येणारा क्रॅशचा रिपोर्ट टाकला. कापड गिरणीत लूम थांबला की मी तुटलेला धागा शोधायचो, तसा साइटने दोष शोधून दिला. मूळ गेममध्ये नसलेल्या, बाहेरून आणून जोडलेल्या कोंबड्या. कोणी जोडल्या? वैशूनेच. त्या काढल्या, घर उघडलं. ओटा जागेवर.

तिला फोन केला. "म्हणजे माझ्या कोंबड्या खाल्ल्यात तुम्ही," म्हणाली, आणि गेममध्ये येऊन ओट्यावर बसली.