रशियाला न गेलेलं क्रीम

आई, काल केमिस्टमध्ये हाताला लावायचं क्रीम घेतलं आणि गाडीत येऊन बसते न बसते तोच तुझी आठवण आली. तशी तू अधूनमधून येतेसच, पण काल आलीस ती रागावूनच. तुला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी तुझ्या रागाचा मला अजून धाक वाटतो. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, हे अशा वेळी काही कामाला येत नाही. आज रविवार. चर्चमधला मास आटोपून घरी आलेय. इथे कॅनबेराच्या गुंगालिनला सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ धरतो आणि दुपारी असं कोरडं ऊन पडतं, त्यात ऊब नावालाही नसते. लेक तिच्या खोलीत आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला लिहितेय, कारण जे सांगायचंय ते दुसरं कुणीही ऐकलं तर माझी समजूत काढेल, आणि मला ती काढून नकोय.

वसईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो लांबट गाळा मला अजून दिसतो. तिथे बनणारं सगळं क्रीम रशियाला जायचं, एक ट्यूबही आपल्याकडच्या दुकानात येत नसे. तू पॅकिंगच्या बायकांवरची सुपरवायझर. मला सुट्टी असली की तू सोबत न्यायचीस आणि एका स्टुलावर बसवायचीस. तू ओळीतून चालत येतेस, भरलेला खोका उचलून कानाशी हलवतेस आणि आत जरा जरी आवाज झाला तरी परत उघडायला लावतेस. "एवढ्या लांब जायचंय त्याला. आत खुळखुळलं तर धड पोचेल का?" बायका तोंड वाकडं करतात, पण उघडतात. मग ट्रक येतो, खोके घेऊन जातो, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. हा माल विकायचा कसा, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणालाच कधी पडला नाही. दोन सरकारांनी आपसात ठरवलेलं होतं, इकडून क्रीम जायचं, तिकडून आणखी काही यायचं. माल नीट बांधला की तो जातो, एवढंच तुम्हाला ठाऊक.

मी अकरावीला होते तेव्हा रशिया फुटला. आपल्याकडे सगळे तसंच म्हणत, जणू हातातून काचेचं भांडं पडलं. तू मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन विचारलंस, आता पुढे काय? तो म्हणाला, "अजून काही ठरलेलं नाही, बाई. तुम्ही काम चालू ठेवा." तुम्ही चालू ठेवलंत. ट्रक येईना, तरी खोके भरत राहिलात, गोडाऊन भरलं, मग जिन्याखालची जागा भरली. ईस्टर झाला आणि एका सकाळी शटर खाली. थकलेल्या पगाराच्या बदल्यात मालकाने प्रत्येकीला क्रीमचे खोके दिले. तू ते टेंपोतून घरी आणलेस आणि पलंगाखाली, कपाटावर, आजोबांच्या फोटोखाली रचलेस, तेही एका रेषेत.

त्यानंतर तू बाजारात बसलीस. मासळीवाल्यांच्या पलीकडे, उलट्या खोक्यावर पांढरा टॉवेल, टॉवेलावर ट्यूबा, सगळ्यांची टोपणं एका दिशेला. तू पाठ ताठ करून गप्प बसायचीस. बाजूची सुकटवाली ओरडून ओरडून गिऱ्हाईक ओढायची आणि तू वाट बघायचीस, ट्रकची बघावी तशी. एखादी बाई ट्यूब उचलून विचारायची, "हे काय लिहिलंय?" तू म्हणायचीस, "रशियन आहे." ती ठेवून द्यायची. मला इतकी लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा राग यायचा. ओरड ना, आई, असं मनातल्या मनात मीच ओरडायचे. शेवटी ते क्रीम लग्नाबारशांत वाटून संपलं. त्या वर्षी मासला अख्खं चर्च एकाच गुलाबी वासाने घमघमायचं, आणि फादरसुद्धा हसायचे. तू हसली नाहीस.

आणि मी काय केलं, तर कॉलेजात शिकलेलं घरी येऊन तुला ऐकवलं. तू खाली बसून सुके बोंबील साफ करत होतीस. मी म्हटलं, "आई, आता मार्केट ओपन झालंय. जे टिकण्यासारखं नाही ते बंद पडणारच." तू मान वर केली नाहीस. "पडू दे की. मी कुठे आडवी आले? पण त्या मॅनेजरला नाताळाआधीच कळलं होतं. तेव्हा बोलला असता तर मी शिवणाचा क्लास लावला असता. सगळ्या जणी एकदम रस्त्यावर आलो, मग कोण कुणाला काम देणार?" नंतर बोंबलाचं डोकं मोडता मोडता म्हणालीस, "एवढी शिकतेस, तर एवढं शीक. कळलं की सांगायचं." मी मनात म्हटलं, हिला अर्थशास्त्रातलं काय कळतंय.

त्याच अर्थशास्त्रावर आज माझं घर चालतं. जिथे सगळं सरकारच बनवायचं आणि सरकारच विकत घ्यायचं, असे देश आता जगाच्या बाजारात उतरताहेत. बाहेरच्या मालावरचा कर त्यांनी किती वर्षांत खाली आणावा, त्यात काय टिकेल आणि काय जाईल, हे आमची कंपनी त्यांना सांगते. तुझ्या नातीला एकदा बाथरूमच्या कपाटात तुझी शेवटची ट्यूब सापडली. "मम, धिस इज सो एक्स्पायर्ड," म्हणून ती टाकायला निघाली होती. मी हिसकावून घेतली आणि कारण काही सांगितलं नाही.

सध्या मध्य आशियातल्या एका देशाचा रिपोर्ट चालू आहे. तिथल्या व्यापार खात्यातली एक बाई दोन महिने आमच्या ऑफिसात काम शिकायला आलीय. माझ्यापेक्षा थोडी लहान, मोठ्याने हसणारी. कॅनबेराच्या थंडीला ती थंडी म्हणायलाच तयार नाही, पण इथल्या कोरड्या हवेने तिचे हात पार फुटलेत. परवा टी-रूममध्ये मी तिला तुझ्या क्रीमची गोष्ट सांगितली, गंमत म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, तिची आई काचेच्या कारखान्यात होती. त्याच वर्षांत तिलाही पगाराऐवजी ग्लास मिळायचे. रेल्वेच्या रुळांशेजारी बाकावर ग्लास मांडून आई उभी राहायची, थांबलेल्या गाडीतले लोक खिडकीतून बघायचे. मी विचारलं, "ओरडायची का ती?" ती म्हणाली, "नो, नेव्हर. शी जस्ट स्टूड." मला तिचा हात धरावासा वाटला. आई, तुझं क्रीम कदाचित त्याच रुळांवरून गेलं असेल.

मग ती म्हणाली की तो कारखाना अजून चालू आहे, तिची धाकटी बहीण आता तिथेच आहे, अख्खं गाव त्याच्यावर जगतं. आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "आमचा कारखाना राहील ना?"

नाही राहणार. रिपोर्टच्या शेवटच्या पानांत लिहिलंय, माझ्याच हाताने. कर खाली आला की तो कारखाना तीन वर्षंही काढणार नाही. कर खाली आणणं चूक आहे असं मला वाटत नाही, हे तुला सांगायला हवं. तिथल्या माणसाला काचेची साधी बरणी घ्यायची तर दुप्पट पैसे मोजावे लागतात, आणि तीही तडकलेली निघते. दार बंद ठेवून कुणाचं कायमचं भलं होत नाही. मी स्वतः त्याच उघडलेल्या दारातून इथवर आले. पण रिपोर्ट आधी त्यांच्या मंत्र्याकडे जाणार. तोवर तोंड उघडायचं नाही, असं मी सही करून कबूल केलंय. गावाला आधी सांगा, दुसरं काम शिकायला वेळ द्या, असा परिच्छेद मी घातला होता. माझ्या बॉसने त्याची अर्धी ओळ केली. वाईट माणूस नाही तो, आपल्या हाताने मला कॉफी आणून देतो. "नॉट अवर न्यूज टु ब्रेक, मेट," म्हणाला. मी भांडले, पण नोकरीला धक्का लागणार नाही इतपतच.

तर तिने विचारलं, आणि मी कपात बघत म्हणाले, "नथिंग इज डिसायडेड येट." इंग्रजीत म्हणाले, पण तू ते वाक्य ओळखशील. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. संध्याकाळी तिने बहिणीला फोन केला, खिडकीशी उभी राहून, हसत हसत.

उद्या तिचा ऑफिसातला शेवटचा दिवस. निरोपाला काहीतरी द्यावं म्हणून काल मी केमिस्टमध्ये गेले. तिचे ते फुटलेले हात डोळ्यांसमोर होते, म्हणून बराच वेळ वास घेऊन घेऊन चांगल्यातलं क्रीम निवडलं, गुलाबाचं. काउंटरवरच्या मुलीने सुंदर कागदात बांधून दिलं. गाडीत बसले, पिशवी बाजूच्या सीटवर ठेवली, आणि तू आलीस. तुझ्या कारखान्याच्या मालकानेही शेवटच्या दिवशी तुम्हाला क्रीमच दिलं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं, मला माहीत नाही. तुझ्या ट्यूबेशेजारी ठेवीन. उद्या सकाळी लाइट रेलने सिटीत जाईन, ती माझ्याआधीच येऊन बसलेली असेल. 'उद्या मी तिला सांगणार आहे' असं शेवटी लिहायला घेतलं होतं. पण लिहिलं की तू विश्वास ठेवशील, म्हणून लिहिलं नाही. क्रीमची पिशवी मात्र आत्ताच दाराशी नेऊन ठेवलीय, सकाळी घाईत विसरायला नको म्हणून.