जिन्याखालचे लाडू

आई, मला तुझा राग आलाय. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तुझ्यावर चिडणं शोभत नाही, पण ज्यांच्यावर चिडायचं ते टीव्हीवर बोलत असतात आणि त्यांना माझं ऐकू येत नाही.

लंडनमधल्या पिनरच्या याच घरात आपण राहत होतो; मी शाळेत असताना इथल्या सरकारनं एक पुस्तिका काढली होती. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते; हल्ला झालाच तर जिन्याखाली लपा, खाणं-पाणी साठवून ठेवा, असं त्यात होतं. तू तांदूळ आणि तूरडाळ भरून ठेवलीस. बाबा हसले. "अगं, गॅस बंद, लाइट बंद. शिजवणार कशावर?" दुसऱ्याच दिवशी तू वेम्बलीच्या भारतीय दुकानातून शेंगदाणे आणि गूळ आणलास. ओट्यापाशी पदर खोचून तू लाडू वळतेयस, मी हळूच एक उचलते आणि तू माझ्या हातावर फटका मारतेस. "ठेव तो. बॉम्बसाठी आहेत ते." जिन्याखालच्या डब्यातले लाडू जुने झाले की मला मिळायचे आणि तू नवे वळायचीस. वर्गातली मुलं बॉम्बला घाबरायची, मला मात्र बॉम्ब म्हटलं की तोंडाला पाणी सुटायचं.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर त्या दोन देशांच्या नेत्यांनी क्षेपणास्त्रं मोडीत काढायच्या करारावर सह्या केल्या. तू डबा बाहेर काढलास आणि अख्ख्या गल्लीत लाडू वाटलेस. "संपलं बाई एकदाचं," म्हणालीस आणि जिन्याखाली डब्याच्या जागी केर ओढायचा हूवर ठेवून दिलास.

कशाच्या जोरावर म्हणालीस? तो करार त्यांनी केव्हाच मोडला. अण्वस्त्रांवरचा शेवटचा एक करार उरला होता, तोही संपू दिला. आता इथलेही मंत्री तोंड वर करून सांगतात की शांततेसाठी आणखी बॉम्ब हवेत. ऐकून अंगाचा तिळपापड होतो. यांच्यापैकी कुणाच्या आईनं जिन्याखाली डबा भरला होता? त्यांच्या सहीवर तू विश्वास ठेवलास आणि तुझ्यावर मी. ते सगळं आमच्या लहानपणी होतं, आता नाही, असं मी माझ्या लेकीला किती वेळा छातीठोकपणे सांगितलंय. तिला आता सातवा महिना लागलाय. तिच्या बाळाला मी काय सांगू, तूच सांग.

काल मी लाडू वळत होते. लेक आली, "मम, माझ्यासाठी? ओ, सो स्वीट!" म्हणत तिनं एक उचलला आणि काही कळायच्या आत माझा फटका तिच्या हातावर बसला. ती बघतच राहिली. मी म्हटलं, "बाळंतपणाचे आहेत. आत्ता नाही खायचे." तिला ते खरं वाटलं.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुला सांगते. जिन्याखालचा हूवर मी परवाच बाहेर काढलाय.