सांवेरला गेलेल्या आया

बाबा, तुमची नात आता सात वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत म्हणून सांगते, नाक तुमचं आहे आणि हट्टही. तिला काहीही बघायचं असलं की ते आधी मी बघते. जेवणाच्या सुट्टीत कानात इयरफोन घालून मी कार्टून बघत बसते आणि ऑफिस हसतं. "अरे मॅडमजी, तुमचं प्रमोशन सीधे नर्सरीत होणार," असं परवा शेजारच्या टेबलावरून आलं. हसू देत. निव्वळ आरडाओरडा असलेलं मी गाळते, खेळणी खपवायला केलेलं गाळते, आणि कुणाची आई मेली की माझं बोट आपोआप पुढे सरकवायच्या खुणेवर जातं. ही खोड कुणाची ते मला पक्कं ठाऊक आहे.

माझ्या लहानपणची रविवारची दुपार आहे. स्टोव्हवर मैद्याची खळ रटरटते आहे आणि तुम्ही पाटावर बसून कागदाच्या पट्ट्या कापताय. राजवाड्याजवळच्या ज्या कापडाच्या दुकानात तुम्ही नोकरी करायचात, तिथून थानांवर, म्हणजे कापडाच्या ताग्यांवर, गुंडाळलेले पांढरे कागद तुम्ही घरी आणायचात. आत्या दर मे महिन्यात पुण्याहून मराठी गोष्टींची पुस्तकं घेऊन यायची. इथे हिंदी मुलखात राहून पोरीचं मराठी सुटू नये ही तिची काळजी. पुस्तक आधी तुम्ही वाचायचात, मग मी. नको त्या ओळींवर पट्टी चिकटायची आणि वर तुमच्या टपोऱ्या अक्षरात नवी ओळ यायची. मी पाच वर्षांची होते आणि आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

त्यामुळे माझ्या पुस्तकांत कुणाची आई मेलीच नाही. राणी सोयाबीन बघायला जवळच्या सांवेरला गेली. लाकूडतोड्याची बायको सांवेरला गेली. चिमणीसुद्धा पिल्लांना घरट्यात ठेवून सांवेरला गेली. सांवेरच का, ते मला आत्ता कळतं. तिथून संध्याकाळच्या बसने परत येता येतं. ती परत आली असं मात्र तुम्ही कधी लिहिलं नाहीत, कारण पुढच्या पानांत ती नसायचीच, तर आणणार कुठून? आई देवाघरी गेली असं सगळे मला सांगायचे. पण देवाच्या घराला बस जात नव्हती, सांवेरला जात होती.

मग एकदा दुकानाच्या कामासाठी तुम्ही मला सांवेरला नेलंत. ती बस अजून माझ्या डोळ्यांत हलते आहे. खिडकीत पिवळा गहू, त्याच्यावर ऊन, तुमचा हात माझ्या पाठीवर. बाजारात ट्रॅक्टरमधून बायका उतरत होत्या आणि मी एकेकीचं तोंड बघत होते. राणी शेतात मुकुट घालणार नाही, म्हणून नुसत्या हिरव्या बांगड्यांवरूनही मी दोघी-तिघींना राणी ठरवलं. तुमचं काम झालं, परतीची बस लागली, तरी मी जागची हलेना.

"चल ना बेटा, बस सुटेल."

"आपली आई अजून आली नाही ना, बाबा. सगळ्यांच्या आया इथेच असतात."

तुम्ही स्टँडच्या पायरीवर बसलात. बस निघून गेली. मग तुम्ही म्हणालात, "इथे नाही गं ती. बेटा, वो कहीं भी नहीं है." मराठीत तुम्हाला ते सांगता आलं नसावं. त्या दिवसानंतर घरात खळ शिजली नाही. पुढचं पुस्तक पट्टीशिवाय आलं आणि तशा जागी तुम्ही थांबत थांबत, पण मोठ्याने वाचलंत.

आता नातीचं ऐका. गेल्या आठवड्यात तिला कपाटात ते जुनं, फुगलेलं पुस्तक सापडलं.

"मम्मा, ही राणी सांवेरला का गेली? आजोबा पण तिकडेच गेले का?"

हो म्हणणं किती सोपं होतं, बाबा. जीभ वळलीसुद्धा होती. पण तुमची ती पायरी आठवली. मी तिला मांडीवर घेतलं, पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि आम्ही दोघींनी पट्टीखालचं अक्षर अक्षर लावून वाचलं. राणी वारली होती. आणि त्याच पट्टीखाली आणखी एक ओळ होती, मला कधीच न दिसलेली. राजपुत्र खूप रडला.

त्याचं रडणंही तुम्ही झाकलंत. मला तुमचा राग आला, खरंच आला. मरण झाकलंत ते समजू शकते, पण तो रडला एवढं तरी मला कळू द्यायचं होतंत. मग वाटलं, पाटावर बसून ती ओळ झाकताना तुमच्या रडण्याकडे कोण बघत होतं?

"मग आजोबा कुठेच नाहीत?" तिने विचारलं. नाहीत, म्हटलं. ती थोडी रडली, मीही रडले. पट्टी काढू का, असं विचारलं तर म्हणाली, "नको, राहू दे. अक्षर मस्त आहे यार आजोबांचं."

हे पत्र तुम्हाला पाठवायचं तर पत्ता सांवेरचाच लिहावा लागेल, म्हणून त्या पुस्तकातच ठेवते आहे. तिला सगळं खरं सांगितलं खरं. पण सांवेरवरून कधी गाडी गेली की मी अजूनही काच खाली करते. पूर्वी एकट्या आईला शोधायचे, आता तुम्हा दोघांना शोधते.