उजव्या खांद्यावरचं ऊन

प्रिय कौशल्या,

तुझा फोन लागत नाही. लागत नाही म्हणजे, ती बाई उचलते. आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे, असं ती इतक्या मायेने सांगते की हल्ली तुझ्यापेक्षा तिच्याशीच माझं बोलणं जास्त होतं. कार्तिकात ओंकारेश्वरहून नर्मदेची परिक्रमा सुरू केलीस तेव्हा रोज संध्याकाळी फोन करीन म्हणाली होतीस. आधी रोज केलास, मग दोन दिवसांआड, आणि आता आठवडा उलटून गेला. बॅटरी टिकत नाही, आश्रमात प्लग एक आणि माणसं ढीगभर, असं मागे म्हणाली होतीस. कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली त्याला बॅटरीचं कारण सांगू नये. तो कामाला लागतो.

तर मी तुझ्या फोनसाठी केस केली आहे. खांद्याला अडकवायची, बाहेरच्या झडपेवर सौर पॅनेल, आत फोन. तू चालत राहायचं, उन्हाने तो भरत राहील. शिवणयंत्र तुझंच वापरलं. सुई मोडली आहे, आल्यावर काय बोलायचं ते बोल. सुटे भाग आणायला तपकीर गल्लीत गेलो, तर दुकानातला शंभू म्हणाला, काका, तयार पॉवर बँक घ्या की, याहून स्वस्त पडेल. मी म्हटलं, ठाऊक आहे. मग करताय कशाला, असं तो तोंडाने बोलला नाही, पण बघितलं तसंच. घरात फार शांत असतं हे त्याला काय सांगणार? मी रेडिओ मोठ्याने लावून ठेवतो, आणि वरच्या मजल्यावरचे कोंडीराम खाली येऊन विचारतात, ऐकायला कमी येतं का हो तुम्हाला?

पहिली केस फसली. फोन पॅनेलला चिकटून बसवला होता, तो इतका तापला की भरून घ्यायलाच तयार होईना. मग तुझ्या जुन्या स्लिपरचा रबर कापून मधे पट्ट्या लावल्या, हवा खेळायला जागा केली. नंतर लक्षात आलं की झाडाची सावली आली की वीज तुटते, ऊन आलं की पुन्हा जोडली जाते, आणि दर वेळी फोन जागा होऊन स्क्रीन उजळतो. मिळवतो त्याहून जास्त उधळतो, आपल्या चिरंजीव अभिनवसारखा. म्हणून मधे एक छोटी बॅटरी घातली. ऊन आधी तिला मिळतं, आणि ती सावकाश फोनला देते.

खांद्याचा घोळ मात्र माझाच. तू नदी उजव्या हाताला ठेवून चालतेस. दक्षिण तटाने पश्चिमेकडे जाताना हिवाळ्यातलं ऊन डावीकडून येणार, म्हणून मी डाव्या खांद्याची केस शिवली. उसवत शिवत बसलो, आणि तेवढ्यात तू नावेने पलीकडे जाऊन उत्तर तटाला लागलीस. आता पूर्वेकडे चालायचं, म्हणजे ऊन उजवीकडून, नदीवरून. सगळे पट्टे उसवून उजव्या खांद्याला घेतले. देवाधर्मापुढे माझे हात लवकर जुळत नाहीत हे तुला माहीत आहे. पण तुझी नदी आज कुठल्या अंगाला आहे हे मी झोपेतही सांगीन.

चालताना तपासल्याशिवाय खरं कळत नाही, म्हणून केसमध्ये माझा फोन घालून रोज म्हातोबाच्या टेकडीवर जातो. मी, जो दूध आणायला कोपऱ्यापर्यंत स्कूटर काढतो. पॅनेल लहान आहे, त्यामुळे फोन बंद ठेवला तरच नीट भरतो. पहिल्या दिवशी फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. सारखा हात केसकडे जायचा. मग चार-पाच दिवसांनी एका झाडाखाली टेकलो आणि किती वेळ गेला ते कळलंच नाही. बाबा, जेवलात का, असा अभिनवचा फोन नाही, वीजबिलाचा मेसेज नाही, कुणाचं काही नाही. खाली उतरल्यावर फोन सुरू करायचं जिवावर आलं.

परवा प्रियदर्शनी येऊन गेली, पाय मुरगळल्यामुळे भडोचहून परत आलेली तुझी सोबतीण. मी मोठ्या हौसेने केस दाखवली. तिने ती उलटीपालटी करून बघितली आणि बोलून गेली, पण काका, काकूंचा फोन तर रोज पूर्ण भरलेला असायचा, त्या सकाळी निघताना स्वतःच बंद करतात. मग माझ्याकडे बघून तिने जीभ चावली आणि चहा न घेताच गेली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण टेकडीवर जाऊन आलेला माणूस तुला कुठल्या तोंडाने बोलणार? केस पाठवतो आहेच. प्रियदर्शनीचा भाऊ गाडीने नेमावरला निघाला आहे, तू तिथे पोचशील तेव्हा तुझ्या हातात देईल. वापरायची सूचना एकच. चालताना फोन बंद ठेवावा, तरच तो भरतो. सोबतच्या कुणी विचारलं तर सांग, नवऱ्याने सांगितलं आहे.

आणि इतकं लांबलचक पत्र कशाला, तर ते ऐक. फोन लागला की मी तुला हिंगाचा डबा कुठे आहे असं विचारतो. डबा समोरच असतो, कौशल्या, फळीवर, माझ्या डोळ्यांदेखत. मला तुझ्याशिवाय करमत नाही हे सांगायला मी फोन लावतो, आणि तू हॅलो म्हणालीस की तोंडातून हिंगाचा डबा निघतो. लिहिताना तसं होत नाही. मला करमत नाही. घाई करू नकोस, परिक्रमा पुरी कर, पण घरी ये.

तुझाच,
सुखदेव